बाजार फुगलाय हे ओळखायचं कसं, आणि फुटला तर करायचं काय: नव्या गुंतवणूकदारांसाठी

मार्च २०२० मध्ये देशात साधारण चार कोटी डीमॅट खाती, म्हणजे शेअर ठेवायची खाती, होती. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला, आणि त्यानंतरही भर पडतच राहिली. याचा अर्थ आज बाजारात असलेल्यांपैकी बहुतेकांनी मोठी, लांबलेली मंदी आत राहून पाहिलेलीच नाही. २००८ साली त्यातले अनेक जण शाळेत होते आणि १९९२ साली कित्येकांचा जन्मही झालेला नव्हता. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी बँकेच्या कर्जविभागात तीस वर्षं काढली. त्यामुळे माझी नजर भावाच्या आधी उधारीकडे जाते, आणि तीच सवय तुम्हाला लागावी अशी माझी इच्छा आहे.

समजून घ्यायला उदाहरण मुंबईचंच घेऊ, १८६१ ते १८६५ या काळातलं. फोर्टातून जाताना राजाबाई टॉवर दिसला की मला ते हटकून आठवतं. हा मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद त्या काळचे मुंबईतले सर्वांत मोठे दलाल. देणगी १८६४ ची, बांधकाम पूर्ण झालं १८७८ मध्ये. या दोन सालांच्या मधे प्रेमचंद स्वतः दिवाळखोर झाले होते, त्यांच्यासोबत निम्मा बाजारही बुडाला होता.

पायरी १: आधी त्यातली खरी गोष्ट शोधा

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. गुजरात, खानदेश, वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरातून बाहेर जाऊ लागला आणि खंडीचे (कापसाच्या जुन्या वजनी मापाचे) भाव कैक पटींनी चढले. एरवी मिळाला असता त्यापेक्षा सुमारे सात कोटी पौंड जास्त पैसा या चार-पाच वर्षांत मुंबईत आला, असा अंदाज पुढे मांडला गेला. लोकांनी घरातल्या गाद्या उसवून कापूस विकल्याच्या हकिकती आजही सांगितल्या जातात.

यातलं काहीच बनावट नव्हतं. कापूस खरोखर महाग झाला होता आणि पैसा खरोखर येत होता. नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. फुगा म्हणजे फसवणूक अशी त्याची समजूत असते, म्हणून जिथे फसवणूक दिसत नाही तिथे तो निर्धास्त होतो. इंटरनेट जग बदलणार हे १९९९ मध्येही खरंच होतं. तरी अमेरिकेतला नॅसडॅक निर्देशांक मार्च २००० मधल्या ५,०४८ वरून ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर आला, आणि जुन्या उंचीवर परतायला त्याला २०१५ उजाडलं. गोष्ट खरी ठरली, पण पैसे मात्र बुडाले.

म्हणून एक वही घ्या. ज्या क्षेत्राच्या नावानं सगळे धावताहेत त्यामागची खरी गोष्ट एका ओळीत लिहा. मग त्याखाली दुसरी ओळ लिहा: हे किती दिवस टिकेल, आणि कशामुळे थांबेल? १८६४ मध्ये दुसऱ्या ओळीचं उत्तर ‘युद्ध संपलं की’ एवढंच होतं. ते कुणालाही लिहिता आलं असतं.

पायरी २: पैसा कुणाचा आहे ते बघा

या पायरीवर घाई करू नका. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कापसातून आलेला पैसा मुंबईत ठेवायचा कुठे, हा प्रश्न उभा राहिला आणि कंपन्या निघू लागल्या. बँका, वित्तसंस्था, कापूस दाबायचे कारखाने, जहाज कंपन्या आणि सर्वांत गाजलेल्या म्हणजे समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या ज्या शेअरवर पाच हजार रुपये भरले होते, त्याचा भाव पन्नास हजारांपर्यंत गेला. जमीन अजून पाण्याखाली होती.

एवढे पैसे आले कुठून? सुरुवातीला कापसातूनच. पण बँक ऑफ बॉम्बेच्या १८६३ च्या नव्या कायद्यानं बँकेला कंपन्यांच्या शेअरवर कर्ज देण्याची वाट मोकळी करून दिली, आणि तिथून चित्र पालटलं. शेअर गहाण ठेवून कर्ज काढायचं, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, त्यामुळे भाव वाढले की त्याच तारणावर आणखी कर्ज मागायचं. बँकेच्या कागदांवर तारण भक्कम दिसत होतं, कारण तारणाची किंमत बँकेच्याच कर्जानं वर गेली होती. पुढे पुढे तर नुसत्या नावावर आणि ओळखीवर रकमा गेल्या.

कर्जविभागात बसलेल्या माणसाच्या अंगावर हे वाचताना काटा येतो. तारणाची किंमत आणि कर्जाची रक्कम एकमेकांना धरून वर चढत असतील, तर कर्जाला तारणच उरलेलं नसतं.

यावर कडी म्हणजे वायद्याचे सौदे. आज भाव ठरवायचा, पैसे आणि शेअर पुढच्या तारखेला. घेणाऱ्याकडे पैसे नव्हते, विकणाऱ्यांपैकी अनेकांकडे शेअर नव्हते. अशा शेकडो सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५.

१९९२ मध्ये रूप बदललं, पण गोम तीच होती. बँका आपसात सरकारी रोख्यांचे व्यवहार करताना बँकर रिसीट नावाच्या पावत्या देत. हर्षद मेहता आणि इतर काही दलालांनी या व्यवहारांत शिरून बँकांचा पैसा शेअरबाजारात वळवला. काही पावत्यांमागे रोखेच नव्हते. जानेवारीत दोन हजारांच्या खाली असलेला सेन्सेक्स २ एप्रिल १९९२ रोजी ४,४६७ वर पोचला. त्या महिन्याच्या अखेरीस प्रकरण वर्तमानपत्रातून बाहेर आलं आणि वर्षभरात निर्देशांक निम्म्याहून खाली आला. तेव्हा गिरगावातल्या आमच्या चाळीत शेजारच्या काकांनी पतपेढीचं कर्ज काढून, वर काकूंच्या पाटल्या गहाण ठेवून सिमेंटचे शेअर घेतले होते. काका सरळमार्गी होते, लोभी तर अजिबात नव्हते. मुलीचं लग्न दोन वर्षांवर आलं होतं. त्या पाटल्या पुढे सुटल्या नाहीत.

आज तुम्हाला काय बघता येईल? वर्तमानपत्रात व्यक्तिगत कर्जाची वाढ किती टक्के, ही बातमी येते तेव्हा ती वाचा. ‘मार्जिन ट्रेडिंग’च्या सोयीनं, म्हणजे दलालाकडून उसने पैसे घेऊन शेअर घेण्याच्या सोयीनं, बाजारात एकूण किती उधारी झाली आहे याचा आकडा प्रसिद्ध होतो, तोही बघा. ऑफिसातला कुणी क्रेडिट कार्डाच्या पैशांवर किंवा सोनेतारण कर्जावर शेअर घेतोय का, याकडे कान ठेवा. भाव दुप्पट झाले, यापेक्षा उधारी दुप्पट झाली ही बातमी जास्त धोक्याची.

उधारीचं गणित स्वतः एकदा करून बघा. तुमचे एक लाख आणि दलालाकडून घेतलेले एक लाख, असे दोन लाखांचे शेअर घेतले. भाव ३० टक्के उतरले. शेअर उरले एक लाख चाळीस हजारांचे, त्यातले एक लाख दलालाचे. तुमचे चाळीस हजार. बाजार ३० टक्के पडला, तुम्ही ६० टक्के पडलात, व्याज वेगळंच. शिवाय प्रत्यक्षात तिथवरही तुम्हाला थांबू देत नाहीत. मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा हिस्सा, कमी पडलं की दलाल आणखी पैसे मागतो, आणि तुम्ही दिले नाहीत तर तुमचे शेअर पडत्या भावात विकून टाकतो.

ऑप्शन-फ्युचर्सचा, म्हणजे आजच्या वायद्यांचा, मोह होत असेल तर शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये काय सांगितलं ते लक्षात ठेवा: आधीच्या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि एकूण तोटा होता १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक.

पायरी ३: भाव आणि कमाई यांची गाठ घाला

शेअरचा भाव ३०० रुपये आणि कंपनीची शेअरमागे वर्षाची कमाई १० रुपये असेल, तर त्या कमाईची तुम्ही तीसपट किंमत मोजताय. याला पी-ई गुणोत्तर म्हणतात. सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत (शंभर रुपयांवर वर्षाला सात) हाच आकडा साधारण चौदा येतो. तीसपट मोजायची तर कमाई भराभर वाढायलाच हवी, आणि ती वाढणार असं तुम्हाला का वाटतं, हे त्याच वहीत लिहिता आलं पाहिजे.

निफ्टी निर्देशांकाचं हे गुणोत्तर एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर रोज मिळतं. जानेवारी २००८ मध्ये ते २७ च्या वर होतं, ऑक्टोबरअखेर ११ च्या आसपास आलं. २०२१ मध्ये मोजण्याची पद्धत बदलली, म्हणून जुने आणि नवे आकडे सरळ शेजारी ठेवू नका. आणि गुणोत्तर चढलं म्हणून बाजार उद्या पडेल असं समजू नका. महाग बाजार दोन-तीन वर्षं आणखी महाग होत राहू शकतो. यातून वेळ कळत नाही, पडलो तर किती खाली जाऊ एवढं कळतं.

पायरी ४: नव्या कागदांची गर्दी मोजा

तेजीत मालापेक्षा कागद लवकर तयार होतो. १८६४ मध्ये नव्या कंपन्यांचे शेअर हाती येण्याआधीच प्रीमियमला, म्हणजे मूळ किमतीच्या वर, विकले जात. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरच्या शेअरविक्रीला सत्तर पटींच्या आसपास मागणी आली. किरकोळ गुंतवणूकदारांना ४३० रुपयांना मिळालेला तो शेअर ११ फेब्रुवारीला, नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, ३७२ रुपयांच्या आसपास बंद झाला. तेव्हा कंपनीचे बहुतेक वीजप्रकल्प उभे राहायचे होते. अर्ज भरण्यापूर्वी एवढंच बघा: हा पैसा कारखान्यात जाणार, की जुने मालक आपला हिस्सा विकून बाहेर पडताहेत? माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

पायरी ५: फुटतं तेव्हा कोणत्या क्रमानं फुटतं

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. बातमी मुंबईला पोचली आणि कापूस घसरला. कापूस घसरला म्हणून व्यापाऱ्यांना रोख रक्कम लागली. रोख हवी म्हणून त्यांनी शेअर विकायला काढले. सगळेच विकायला आले तेव्हा घेणारा नव्हता. भाव उतरले, बँकेचं तारण उतरलं, बँकेनं कर्ज परत मागितलं, त्यासाठी आणखी शेअर विक्रीला आले. चढताना जी साखळी होती तीच आता उलटी फिरली, फक्त कितीतरी वेगानं. १ जुलैला वायद्यांची तारीख आली आणि पैसे देणारं कुणी उरलं नव्हतं. २,८५० रुपयांपर्यंत गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांना विकला गेला. ती बँक गुंडाळावी लागली आणि १८६८ मध्ये त्याच नावानं नवी बँक काढावी लागली.

हा क्रम पाठ करा: आधी मूळ वस्तूचा भाव, मग रोख रकमेची चणचण, मग सक्तीची विक्री, मग बँक. २००८ मध्येही अमेरिकेत आधी घरांच्या किमती उतरल्या, नंतर कर्जरोखे कुणी घेईना, आणि १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आपला सेन्सेक्स त्या जानेवारीत २१,००० च्या वर जाऊन आला होता, ऑक्टोबरमध्ये तो ८,००० च्याही खाली शिवून आला. आपल्या बँका तशा शाबूत होत्या. परदेशी गुंतवणूकदारांना त्यांच्या घरी रोख हवी होती, म्हणून त्यांनी इथले शेअर विकले. सक्तीच्या विक्रीत चांगला शेअर आधी जातो, कारण त्यालाच गिऱ्हाईक असतं. चांगली कंपनी निवडली म्हणजे आपण वाचलो, हा समज इथे सोडून द्या.

पायरी ६: झळ कुठवर जाते ते समजून घ्या

१८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. पोटासाठी आलेली माणसं काम संपल्यावर निघून गेली. त्यातल्या बहुतेकांनी बॅकबेचा शेअर डोळ्यांनीही पाहिला नसेल.

पण माझ्या मनात घर करून राहिलंय ते सुपं. पुणे जिल्ह्यातलं, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं बाजाराचं गाव. तेजीच्या वर्षांत घाटावरही पैसा खेळला होता. धान्याला भाव होता, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळत होती, जमिनीची किंमत वाढली होती आणि त्या जमिनीवर सावकार सहज कर्ज देत होता. बँक ऑफ बॉम्बे शेअरवर जे करत होती, तेच इथे जमिनीवर चाललं होतं. मग भाव उतरले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. वर १८६७ पासून इंदापूर आणि आसपासच्या तालुक्यांत शेतसारा वाढवला गेला, तोही तेजीतले भाव डोळ्यांपुढे ठेवून. शेतकऱ्याचं उत्पन्न मंदीचं झालं, पण सारा आणि कर्ज तेजीचंच राहिलं.

१२ मे १८७५, सुप्याचा बाजाराचा दिवस. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, कर्जाची खतं आणि रोखे मागून घेतले आणि त्यांची होळी केली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. सरकारनं आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. या उठावाला कारणं अनेक होती आणि त्यांवर इतिहासकारांचे मतभेद आहेत. तरी तेजीत सैल सुटलेली आणि मंदीत आवळलेली उधारी त्यातून वगळता येत नाही. मुंबईत वायदे बुडाल्यापासून सुप्यात खतं जळेपर्यंत दहा वर्षं गेली.

तुमच्या हिशेबासाठी याचा अर्थ असा: शेअर विकून टाकले म्हणजे तुम्ही मंदीच्या बाहेर पडलात असं होत नाही. नोकरी, घराची किंमत, भावाचा धंदा, वडिलांची पतसंस्थेतली ठेव हे सगळं त्याच साखळीला बांधलेलं असतं.

पायरी ७: घरची तयारी, बाजार वर असतानाच

सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत बाजूला ठेवा. ज्यांचा पगार बाजाराशीच जोडलेला आहे, म्हणजे दलालपेढी, बांधकाम, नवउद्योग, त्यांनी बारा महिन्यांचा ठेवावा. मंदीत नोकरी आणि शेअर एकाच महिन्यात जातात.

एका बँकेत एका व्यक्तीच्या ठेवींना व्याजासकट पाच लाखांपर्यंतच विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. त्याहून जास्त रक्कम असेल तर दोन-तीन बँकांत विभागा. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. आई-वडिलांची सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत असेल तर या आठवड्यात त्यांच्याशी बोला.

पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, लग्नाचा असो, फीचा असो की घराच्या पहिल्या हप्त्याचा, शेअरमध्ये नको. ‘बाजार शेवटी वर येतोच’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर होता. ती उंची त्यानं पुन्हा ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. तिशीत पैसे लावलेला माणूस तोवर चौसष्टीला आला होता.

शेअर आणि ठेवी यांचं प्रमाण ठरवा, समजा ६० आणि ४०, आणि वर्षातून एकदा, पाडव्याला किंवा वाढदिवसाला, ते पूर्ववत करा. शेअर ७५ वर गेले असतील तर पंधरा काढून ठेवीत टाका. तेजीत हे जिवावर येतं. दरमहाची एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक रकमेची गुंतवणूक) चालू असेल तर ती मंदीत बंद करू नका, कारण स्वस्तात घ्यायची वेळ तीच असते. पण ती पगारातून चालली पाहिजे.

पायरी ८: फुटलंच, तर

पहिले तीन दिवस नव्यानं काही घेऊ नका. ‘आता स्वस्त झालं’ म्हणून घाईघाईनं घेतलेले शेअर १९९२ मध्येही आणखी निम्मे झाले होते. या दिवसांत व्हॉट्सॲपवर नुकसान भरून देणाऱ्या सल्लागारांचे संदेश येऊ लागतात. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक तपासल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. तोटा सोसून शेअर विकले असतील तर तो आयकर विवरणपत्रात जरूर दाखवा. भांडवली तोटा पुढची आठ वर्षं नफ्यातून वळता करता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं.

विकायचंच असेल तर आधी उधारीवर घेतलेलं विका, तोट्यात असलं तरी. स्वतःच्या पैशांचा शेअर थांबू शकतो, कर्जाचा थांबत नाही. आणि बाजार अजून वर असताना तुम्ही हे वाचत असाल आणि तुमच्या खात्यात मार्जिनची, कार्डाची किंवा सोनेतारणाची काही बाकी असेल, तर वरच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवा. आज संध्याकाळी ते खातं उघडा, नेमके किती देणं आहे आणि व्याज किती टक्के हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि घरात ज्या माणसाला ते माहीत नाही त्याला दाखवा.